रिले बिघडतो तेव्हा कुठल्या बाजूला पडतो?

उद्यमबागेतल्या हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर काम केलेल्या कुणालाही पॅनेलमधला रिलेचा तो 'टक्' आवाज ओळखीचा असतो. लहान प्रवाहाने चुंबक तयार करायचे आणि त्याच्या ओढीने मोठा प्रवाह चालू-बंद करायचा, एवढेच त्याचे काम. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास ही युक्ती वापरली आणि पुढे ती तारायंत्राच्या उपयोगी पडली.

तारायंत्राचा रिले बिघडला तर संदेश अडे, फार तर दुसऱ्या दिवशी जाई. रेल्वेत मात्र जिवाशी गाठ. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७० मध्ये पेनसिल्व्हेनियातील किंझुआ येथे स्वयंचलित सिग्नल उभारला. गाडी आली की प्रवाह सुरू होई आणि सिग्नल धोका दाखवी. पण तार तुटली किंवा बॅटरी उतरली, तर गाडी समोर उभी असूनही मार्ग मोकळा दिसे! १८७२ मध्ये त्यांनी सगळे उलटे केले. रुळांतून प्रवाह सतत वाहता ठेवला आणि त्याने रिले उचलून धरला. चाकांनी दोन्ही रूळ जोडले, की रिले खाली पडे आणि सिग्नल धोक्याचा होई. तार तुटली तरी तेच घडे.

भट्टीच्या पॅनेलमध्येही हीच रीत आहे. कॉइल जळली, वायर सुटली, की कॉन्टॅक्टर उघडतो आणि भट्टी थंड होते. नुकसान होते ते एका घाण्याचे.

खोड उरते ती वेगळीच. उघडझाप करताना ठिणग्या पडतात, कॉन्टॅक्टची चांदी वितळते आणि एखाद्या दिवशी दोन्ही टोके वेल्डिंग केल्यासारखी चिकटतात. मग कंट्रोलर 'बंद' म्हणतो आणि भट्टी तापतच राहते. रेल्वेच्या रिलेत यासाठी चांदी मिसळलेल्या कार्बनचे कॉन्टॅक्ट वापरतात, ते चिकटत नाहीत. भट्टीच्या मोठ्या प्रवाहाला ते झेपणारे नव्हेत. सॉलिड स्टेट रिलेत ठिणगीच नसते खरी, पण तो बिघडला की बहुधा शॉर्ट होतो, म्हणजे पुन्हा चालूच!

म्हणून जादा तापमानासाठी स्वतंत्र थर्मोकपल आणि त्याच ओळीत दुसरा कॉन्टॅक्टर लागतो. घाईच्या दिवसांत नेमका त्यालाच जंपर मारला जातो, हे आपल्याकडचे दुर्दैव. संशय आला तर कॉइलचा पुरवठा काढून भट्टीकडच्या टोकांवर मीटर लावावा. तिथे व्होल्टेज दिसले, तर कॉन्टॅक्ट चिकटलेत. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर ते सुटतातही. सुटले तरी तो कॉन्टॅक्टर पुन्हा चालवू नये, बदलावा.