मोटारीचे पाणी गेले कुठे? : एका गळतीचा इतिहास

१/६
ऑगस्ट १८८८. कार्ल बेन्झ यांनी घडवलेली तीनचाकी मोटार घेऊन त्यांच्या पत्नी बेर्टा दोन मुलांसह जर्मनीतील मानहाइमहून फोर्ट्सहाइमकडे निघाल्या. सुमारे १०० किलोमीटरच्या त्या वाटेवर जिथे पाणी मिळेल तिथे थांबून ते इंजिनासाठी भरावे लागत होते.

२/६
त्या मोटारीला रेडिएटर नव्हता. इंजिनाभोवतीचे पाणी उकळे, वाफ होऊन निघून जाई आणि सोबत उष्णताही नेई. पाणी घटणे हा तेव्हा बिघाड नव्हता. इंजिन थंड ठेवण्याची ती रीतच होती.

३/६
१९०० मध्ये विल्हेल्म मायबाख यांनी ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवला. त्यात ६ मिलिमीटर रुंदीच्या ८,०७० चौकोनी नळ्या सोल्डरने जोडलेल्या होत्या. नळ्यांतून वारा वाहे, फटींतून पाणी. पूर्वी १८ लिटर पाणी लागे, तिथे आता ९ लिटर पुरू लागले.

४/६
तेच थोडके पाणी पुनःपुन्हा फिरू लागले आणि त्याचे मोल वाढले. हजारो सांध्यांपैकी एक जरी उकलला, तरी इंजिन संकटात! गळती शोधणे ही गरज झाली ती इथून.

५/६
पुढे ही यंत्रणा झाकणाने बंद करून दाबाखाली ठेवली जाऊ लागली. वातावरणापेक्षा १ बार अधिक दाब असेल, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. मात्र गळती त्यामुळे फसवी झाली. इंजिन थंड असताना दाब नसतो, म्हणून बारीक चीर गप्प राहते. तापल्यावर थेंब दिसण्याआधीच वाळतो.

६/६
म्हणून तपासणी थंड इंजिनावर, हातपंपाने होते. झाकणावर लिहिलेल्या आकड्यापर्यंतच दाब द्यावा आणि काही मिनिटे काट्यावर नजर ठेवावी. काटा उतरला, तर होज पाइपांची टोके, वॉटर पंप आणि रेडिएटर पाहावा. बाहेर सारे कोरडे असेल, तर हेड गॅसकेटवर संशय घ्यावा. तिथून कूलंटमध्ये शिरलेल्या धुरातील कार्बन डायऑक्साइडमुळे तपासणीचे निळे द्रावण पिवळे पडते. तापलेल्या इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये. दाब सुटताच पाणी उसळून अंग भाजते.

बेर्टा बेन्झ पाणी भरून निर्धास्त पुढे गेल्या. आज वरचेवर पाणी भरावे लागत असेल, तर आधी गळती शोधावी.