लेडिंग : शिशाची पट्टी आणि देवनागरीची मात्रा

#थ्रेड

१/ दोन ओळींमधील अंतराला ग्राफिक डिझाइनमध्ये 'लेडिंग' म्हणतात. नवखे विद्यार्थी त्याचा उच्चार 'लीडिंग' करतात आणि अर्थ नेतृत्वाशी जोडतात. वस्तुतः हा शब्द 'लेड', म्हणजे शिसे, या धातूवरून आला आहे.

२/ छापखान्यातील खिळे शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रधातूचे असत. जुळारी ते एकेक करून ओळीत लावी आणि दोन ओळींमध्ये शिशाची पातळ पट्टी घाली. पट्टीचे नाव पुढे अंतराला चिकटले. 'फाँट'चे मूळही ओतकामात आहे. 'अपरकेस' आणि 'लोअरकेस' तर खिळ्यांच्या वरच्या व खालच्या पेट्याच.

३/ ही सारी परिभाषा रोमन अक्षरांच्या मापाने घडली. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही. पण शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. एका खिळ्यात हे सर्व बसवायचे, तर खिळ्यांची संख्या हाताबाहेर जाते.

४/ मुंबईच्या छापखान्यांत यावर 'डिग्री' पद्धत रूढ झाली. अक्षर मधल्या थरात, वरची चिन्हे वरच्या थरात, उकार खालच्या थरात. वाचकाला जी एक ओळ दिसे, ती जुळाऱ्याच्या हाती तीन ओळींची होती! खिळे कमी लागत, कष्ट मात्र वाढत. आणि वरचा थर किंचित सरकला तरी मात्रा शेजारच्या अक्षरावर जाई.

५/ जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याचे काम करीत. त्यांनीच १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणूजी रावजी आरू यांनी घडविलेल्या अक्षरांनी त्या छपाईला जो डौल दिला, त्याची वाखाणणी आजही होते. अक्षराला वर-खाली किती जागा लागते, हे या मंडळींना हाताने ठाऊक होते.

६/ शिसे गेले, शब्द उरला. वेबपानांच्या मांडणीची 'सीएसएस' ही भाषा डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाणित झाली. तिच्यात ओळीच्या उंचीचे स्वाभाविक माप अक्षराच्या आकाराच्या १.० ते १.२ पट ठेवावे, असे सुचविले होते. रोमन लिपीला ते पुरते.

७/ मराठी मजकूर त्याच मापाच्या चौकटीत घातला आणि चौकटीबाहेरचा भाग झाकला, तर वरचा आणि खालचा थर कापला जातो. 'मूर्ती'चा रफार, वेलांटीचा माथा आणि उकार गेले की पडद्यावर उरते 'मता'. निर्णयसागरच्या मुद्रितशोधकाने असा कागद यंत्रावर चढू दिला नसता.