घरच्या घरी गाडीचे सस्पेन्शन बदलताना

वाशिम जिल्ह्यातील मानोरा परिसरात काळी माती मोठ्या प्रमाणात आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ताही वर-खाली होतो. खड्डे बुजवले तरी रस्ता लाटांसारखाच राहतो. त्यात गावोगावचे उंच गतिरोधक, शेतापर्यंतची पांदण आणि रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला निघालेली, पाच माणसे व सामानाने भरलेली छोटी गाडी. अशा वापरात शॉकअप लवकर बसतात, गाडीचे पोट घासते आणि ‘सस्पेन्शन भारी करून घ्यावे’ असा विचार सुरू होतो. हे काम घरी करता येते, पण गाडी दोन दिवस अंगणात ठोकळ्यांवर अडकवून ठेवणारेही हेच काम आहे.

आधी नेमके काय बदलायचे हे ठरवावे. स्प्रिंग किंवा पाटे गाडीचे वजन पेलतात. शॉकअप वजन पेलत नाही, तो स्प्रिंगची उसळी थोपवतो. त्यामुळे गाडी मागून बसत असेल तर नुसते महागडे शॉकअप टाकून ती वर येत नाही. उलट खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डोलत असेल किंवा शॉकअपवर तेल पाझरलेले दिसत असेल, तर स्प्रिंग बदलून उपयोग नाही. खडखड आवाज बहुतेक वेळा या दोहोंचा नसतोच. तो लिंक रॉड, बुश किंवा बॉल जॉइंटचा असतो आणि थोड्या खर्चात जातो. बरेचसे ‘अपग्रेड’ हे खरे तर झिजलेले भाग नव्याने बसवणेच असते, आणि बहुतेक गाड्यांना तेवढेच पुरते.

गाडी उंच करण्याला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्हींची तरतूद आहे. कंपनीच्याच मापाचे शॉकअप आणि स्प्रिंग बसवणे यात मोडत नाही.

आता अंगणातल्या कामाकडे. पहिली अडचण जमिनीचीच असते. काळ्या मातीवर जॅक लावला की तो वजनाने हळूहळू रुततो आणि तिरका होतो. शहाबादी फरशीचा तुकडा खाली ठेवला तर तो फुटू शकतो. जाड लाकडी फळी बरी, सिमेंटचा ओटा सर्वांत बरा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. दोन्ही बाजूंना लोखंडी घोडी लावावी, जमिनीवरच्या चाकांना ठोकळे लावावेत आणि काढलेले चाक गाडीखाली सरकवून ठेवावे. घोडी सटकलीच तर गाडी चाकावर अडते.

दुसरी अडचण गंजलेल्या बोल्टची. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवले तर निम्मे काम होते. पाना घसरून बोल्टचे कोपरे झिजू लागले की जोर लावणे थांबवावे आणि बारा कोनांच्या पान्याऐवजी सहा कोनांचा घ्यावा. गॅस बर्नर लावण्याचा मोह टाळलेला बरा, कारण शेजारीच ब्रेकचा रबरी पाइप असतो. पुढच्या स्ट्रटचे बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेवर रंगाची खूण करावी, म्हणजे चाकाचा तिरकेपणा साधारण पूर्वीसारखा जुळतो. स्ट्रट सुटला की हब बाहेर कलंडते. ते तारेने बांधले नाही तर ब्रेकचा पाइप ताणला जातो आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्टचा आतला जोड निसटू शकतो.

खरा धोका मात्र स्प्रिंगचा. स्ट्रटवरची स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते. वरचा नट सरळ सोडला तर ती शेकडो किलोंच्या जोराने उसळते, आणि समोर हात किंवा तोंड असेल तर जिवावर बेतते. दोरी, साखळी किंवा दोन माणसांचे बळ हा उपाय नव्हे. स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल तर स्ट्रट काढून गॅरेजमध्ये न्यावा, एवढे काम तिथे करून घ्यावे आणि बसवणे घरी करावे. यात कमीपणा काही नाही.

बसवताना होणाऱ्या चुका लगेच दिसत नाहीत. स्प्रिंगचे टोक खालच्या वाटीतील खाचेत बसले नाही तर पहिल्याच गतिरोधकावर ‘टंग’ असा आवाज येतो. नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा दाबून-ओढून घेतला नाही तर आतली हवा निघत नाही आणि तो सुरुवातीला पोकळ वाटतो. बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि लवकर फाटते. ते चाके टेकल्यावर, गाडीच्या वजनाखालीच शेवटचे आवळायचे. आणि शॉकअप नेहमी जोडीने बदलायचे. एका बाजूला नवा व दुसऱ्या बाजूला जुना असेल तर जोरात ब्रेक लावल्यावर गाडी एका अंगाला ओढू शकते.

काही जीप आणि पिकअप गाड्यांत मागच्या धुरीला जोडलेली एक सळई ब्रेकच्या व्हॉल्व्हपर्यंत जाते. मागचा भाग किती दबला यावरून हा व्हॉल्व्ह मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा ते ठरवतो. पाट्यात एक पाटा वाढवून मागचा भाग उचलला की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी लागतो. पाटे वाढवताना ही सळई पुन्हा जुळवून घ्यायची असते, आणि नेमके हेच सर्रास राहून जाते. मागची उंची बदलली की हेडलाइटचा झोतही हलतो, तोही तपासावा.

काम संपल्यावर अलाइनमेंट करावेच लागते. त्यासाठी कारंजा किंवा वाशिम गाठायचे असेल तर वेग कमी ठेवावा आणि निघण्याआधी स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून चाक कुठे घासत नाही ना ते पाहावे. शे-दीडशे किलोमीटर चालल्यावर सगळे नट एकदा पुन्हा तपासावेत.