कालवा, खेचरं आणि आमचा नळ

न्यू जर्सीत आल्यावर पहिली दोन वर्षं मी या कालव्याला नदीच समजत होतो! ग्रिग्सटाऊनला रविवारी काठाने फिरायचं, मुलांचे फोटो काढायचे, एवढाच काय तो संबंध. मग एकदा लायब्ररीत जुन्या फोटोंचं पुस्तक हाती लागलं. आपली नेहमीचीच वाट, पण तिच्यावरून खेचरं दोर ओढत चालली आहेत आणि मागे पाण्यात मालाने भरलेली नाव.

हा डेलावेअर-रॅरिटन कालवा. १८३० ते १८३४ या काळात खणलेला. बॉर्डनटाऊन ते न्यू ब्रन्सविक ४४ मैल, शिवाय डेलावेअर नदीचं पाणी आणणारा २२ मैलांचा फाटा. खणणारे बहुतेक आयरिश मजूर, हत्यारं कुदळ आणि फावडं. १८३२ मध्ये कॉलऱ्याची साथ आली आणि त्यातले कित्येक काठावरच पुरले गेले. त्यांचा फोटो कुठेच सापडत नाही. सापडणार कसा? फोटोग्राफीचा शोध जगजाहीर झाला तोच १८३९ साली. तेही आपल्यासारखेच पोटासाठी परदेशी आलेले. व्हिसाच्या रांगेला कंटाळलो की मला हल्ली ते आठवतात.

पेन्सिल्व्हानियाचा कोळसा याच वाटेने न्यूयॉर्ककडे जायचा. १८६० आणि ७० च्या दशकांत कालवा अगदी गजबजलेला होता. गंमत म्हणजे १८७१ मध्ये तो भाडेपट्ट्याने घेतला कोणी, तर पेन्सिल्व्हानिया रेलरोडने, म्हणजे खुद्द प्रतिस्पर्ध्याने! पुढे वाहतूक आटत गेली आणि १९३२ च्या हंगामानंतर नावा बंद झाल्या. ट्रेंटनमध्ये तर कालव्याचा काही भाग बुजवून वरून हमरस्ता नेला.

उरलेला वाचला तो इतिहासप्रेमामुळे नव्हे, पाण्यामुळे. राज्य सरकारने तो पाणीपुरवठ्यासाठी ताब्यात घेतला. मध्य न्यू जर्सीतले लाखो लोक आज हेच पाणी पितात. १९७४ मध्ये काठाचं स्टेट पार्क झालं ते नंतर.

आता खरा प्रश्न पुढचा आहे. नदीला लागून असलेला हा मातीचा बांध. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळात मिलस्टोन नदीला पूर आला. गाळ काढणं, बांध दुरुस्त करणं हा न संपणारा मेंटेनन्स. आमच्या सॉफ्टवेअरसारखाच, बजेट मागताना कोणाला दिसत नाही!

त्या पुस्तकातला पूल जिथे होता, तिथूनच मी दर ऑक्टोबरला एक फोटो काढतो. यंदा मुलीने विचारलं, "बाबा, खेचरं हेच पाणी प्यायची?" म्हटलं, "बहुतेक. आणि तूही पितेस." त्या दिवशी घरी येऊन तिने ग्लास उजेडात धरून बराच वेळ पाहिला.