रोमिओ आणि ज्युलिएट : नाट्यारंभ

विल्यम शेक्सपिअर (१५६४–१६१६) याच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या शोकांतिकेच्या आरंभी ‘कोरस’ म्हणजे निवेदक एकटाच रंगमंचावर येऊन सुनीत म्हणतो आणि तो जाताच व्हेरोना नगराच्या भर रस्त्यात नोकरांची भांडणे जुंपतात. सुनीत ही ठरावीक यमकांत बांधलेली चौदा ओळींची कविता असून दोन घराण्यांचे वैर, प्रेमिकांचा मृत्यू आणि त्या मृत्यूनेच मिटणारे वैर एवढे सारे कथानक तिच्यात आधीच सांगितलेले असते.

सुरतेतील उधना, लिंबायत या भागांत स्थायिक झालेल्या खानदेशी मराठी कुटुंबांतील विद्यार्थ्याला हा आरंभ अनोळखी वाटणे स्वाभाविक आहे. कारण त्याच्या घरच्या तमाशाची सुरुवात गणाने होते, भोवतालच्या गुजराती भवाईतही आरंभीचा ‘वेश’, म्हणजे सोंगाचा प्रवेश, गणपतीचाच असतो, आणि संस्कृत नाटकातला सूत्रधार नांदीनंतर नाटकाची व नाटककाराची ओळख करून देत असला तरी नायक मरणार असल्याचे सांगत नाही. म्हणूनच निवेदकाचे भाषण हा केवळ उपचार समजून त्यावरून घाईने पुढे जाऊ नये.

त्यानंतरचा प्रवेश खरोखर बारकाईने वाचण्याजोगा आहे. वैरी घराण्यांपैकी कॅप्युलेट घराण्याचे नोकर सॅम्प्सन आणि ग्रेगरी कोळसा, संताप व फाशीचा फास यांच्या इंग्रजी उच्चारसाम्यावर कोट्या करत येतात. दुसऱ्या, माँटेग्यू घराण्याची माणसे दिसताच सॅम्प्सन अंगठा चावून दाखवतो, जो त्या काळी अपमान समजला जाई. मात्र जाब विचारला जाताच, होय म्हटले तर कायदा आपल्या बाजूने राहील का, असे तो ग्रेगरीला हळूच विचारतो, आणि नकार मिळाल्यावर, अंगठा चावला खरा पण तुम्हाला उद्देशून नव्हे, अशी पळवाट काढतो. सुनीत ज्याला दैव म्हणते ते येथे धन्यांच्या वैरातून नोकरांपर्यंत झिरपलेल्या फुशारकीच्या रूपाने दिसते, हे या आरंभाचे सर्वांत मोठे सामर्थ्य होय. रोमिओ मात्र दंगल शमल्यावरच येतो आणि ज्युलिएट तर तिसऱ्या प्रवेशात.

पाठभेदांकडेही लक्ष द्यावे लागते. १५९७ च्या ‘क्वार्टो’त, म्हणजे कागदाला दोन घड्या घालून छापलेल्या लहान आकाराच्या आवृत्तीत, निवेदकाच्या बाराच ओळी आहेत, १५९९ च्या क्वार्टोत त्या चौदा होतात, तर १६२३ च्या ‘फोलिओ’ या मोठ्या आकाराच्या संग्रहात हे सुनीतच नाही, आणि नाटक थेट सॅम्प्सन व ग्रेगरी यांच्या बोलण्याने सुरू होते.