ईआरसीपी : पित्तनलिकेतला अडथळा दूर करणारी प्रक्रिया

आपल्या वस्त्यांमध्ये कावीळ झाली की आजही अनेक जण आधी हातावर चुना चोळून ‘कावीळ उतरवणाऱ्या’कडे जातात. विषाणूंमुळे झालेली कावीळ पुष्कळदा आपोआप बरी होते आणि श्रेय त्या माणसाला मिळते. पण पित्तनलिकेत खडा किंवा गाठ अडकून झालेली कावीळ अशी उतरत नाही. तिथे वेळ गेला तर जीव जातो. अशा काविळीवरच्या एका महत्त्वाच्या उपचाराची माहिती कार्यकर्त्यांना असावी, म्हणून आम्ही हा लेख देत आहोत.

ईआरसीपी म्हणजे काय?

‘एंडोस्कोपिक रेट्रोग्रेड कोलँजिओपँक्रियाटोग्राफी’ हे तिचे पूर्ण नाव. यकृतातले पित्त आणि स्वादुपिंडातला पाचक रस वेगवेगळ्या नलिकांमधून येऊन लहान आतड्याच्या सुरुवातीला एका छोट्या तोंडाशी उतरतो. रुग्णाला गुंगीचे किंवा भुलीचे औषध देऊन दुर्बीण तोंडावाटे तिथपर्यंत नेतात. त्या तोंडातून बारीक नळी आत सरकवून रंगद्रव्य सोडतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर अडथळा पाहतात. पोटावर चिरा द्यावा लागत नाही.

ही पद्धत १९६८ साली अमेरिकेत प्रथम नोंदवली गेली. १९७४ साली जपान आणि जर्मनीतील डॉक्टरांनी नलिकेचे तोंड दुर्बिणीतूनच कापून मोठे केले आणि तपासणीचा उपचार झाला. आज केवळ निदानासाठी सोनोग्राफी, एमआरसीपी किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी करतात. ईआरसीपी मुख्यतः उपचारासाठी केली जाते.

कशासाठी करतात?

• पित्तनलिकेतले खडे फुग्याने किंवा जाळीने बाहेर काढणे
• अरुंद झालेल्या नलिकेत स्टेंट, म्हणजे बारीक नळी बसवणे
• कर्करोगाच्या गाठीमुळे तुंबलेले पित्त वाहते करणे, तपासणीसाठी पेशी घेणे
• शस्त्रक्रियेनंतर होणारी पित्ताची गळती थांबवणे
• जुनाट स्वादुपिंडदाहात नलिकेतला अडथळा काढणे

कोणती लक्षणे ओळखावीत?

डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरके आणि अंगाला खाज असेल तर पित्त अडले असण्याची शक्यता असते. त्यासोबत थंडी वाजून ताप आणि पोटात उजवीकडे वरच्या बाजूला दुखत असेल, तर नलिकेत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. अशा रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

धोके आणि तयारी

सर्वांत जास्त आढळणारी गुंतागुंत म्हणजे स्वादुपिंडाला सूज. साधारण १०० पैकी ३ ते १० रुग्णांना ती होते, बहुतेकांची सौम्य असते. रक्तस्राव, संसर्ग आणि क्वचित आतड्याला छिद्र हेही धोके आहेत. म्हणून संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ते समजावून घ्यावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲलर्जी, गरोदरपण हे डॉक्टरांना आधी सांगावे. प्रक्रियेपूर्वी सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते. घरी आल्यावर पोटात तीव्र दुखणे, ताप, काळे शौच किंवा रक्ताची उलटी झाल्यास तातडीने परत जावे.

स्टेंट विसरू नका

बरे वाटले की रुग्ण पुन्हा रुग्णालयात जात नाही, आणि घात इथेच होतो. प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. तो तुंबला की कावीळ आणि जीवघेणा संसर्ग परततो. खडे पित्ताशयातून आले असतील तर पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रियाही बहुधा करावी लागते. मजुरी बुडते म्हणून ती पुढे ढकलू नये.

खर्चाचे काय?

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार कोणत्या रुग्णालयात बसतो, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. ही दया नसून कायद्याने दिलेला हक्क आहे. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड सोबत ठेवावे.

कार्यकर्त्यांना आमची एकच विनंती आहे. तुम्ही ज्या रुग्णाला दवाखान्यात नेले, त्याच्या स्टेंटची तारीख स्वतःच्या वहीत लिहून ठेवा आणि त्या दिवशी त्याला परत घेऊन जा.