बर्फातील हवेची साक्ष

कागदाच्या वयावरून त्यावरील मजकुराचे वय ठरत नाही, हे इतिहासाच्या अभ्यासकाला ठाऊक असते. जुन्या कोऱ्या कागदावर नंतर कुणीही लिहू शकतो. ध्रुवीय बर्फातील हवेचा इतिहास वाचताना मला हाच पेच दिसला.

अंटार्क्टिकावर पडलेले हिम लगेच बर्फ होत नाही. वरचे कित्येक मीटर ते भुसभुशीत असते आणि त्यातून हवा खेळत राहते. खाली दाब वाढून छिद्रे मिटली की हवा बुडबुड्यांत कोंडली जाते. म्हणून ही हवा भोवतालच्या बर्फाहून तरुण असते. हे अंतर हिमवर्षाव भरपूर असेल तिथे काही दशकांचे, तर व्होस्टोकसारख्या कोरड्या ठिकाणी हजारो वर्षांचे.

दुसरी अडचण हवा बाहेर काढण्याची. बर्फ वितळवला, तर धुळीतील चुनखडीची आम्लाशी प्रक्रिया होऊन जादा कार्बन डायऑक्साइड तयार होऊ शके. १९८० मध्ये ग्रनोबलच्या रोबेर देल्मास यांच्या गटाने बर्फ न वितळवता निर्वात पात्रात चुरडला. बर्नमधील हान्स ओश्गर यांचे सहकारीही याच वाटेने गेले.

१९८५ मध्ये बर्नच्या गटाने पश्चिम अंटार्क्टिकावरील सिपल केंद्राच्या बर्फातून १७५० च्या सुमाराची नोंद मिळवली : दहा लाख भागांत सुमारे २८० भाग. या नोंदीचे अलीकडचे टोक चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवाईतील मौना लोआवर केलेल्या मोजणीला जुळले. त्यासाठी हवेचे वय बर्फाहून ऐंशीहून अधिक वर्षांनी कमी धरले होते. टोके जुळावीत म्हणूनच वर्षे सरकवली, असा आक्षेप आला. तो रास्त होता. दस्तऐवजाची तारीख सोयीने बदलली, तर आपणही हेच विचारू.

उत्तर पूर्व अंटार्क्टिकावरील लॉ डोमने दिले. तिथे हिम इतके पडते की अंतर तीसेक वर्षांवर येते. डेव्हिड एथरिज आणि सहकाऱ्यांनी भुसभुशीत थरातील हवा थेट उपसून मोजली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची बुडबुड्यांतील नोंद तिच्याशी आणि वातावरणातील थेट मोजणीशीही जुळली.

म्हणून २००८ मध्ये डोम सी येथील बर्फातून आठ लाख वर्षांची नोंद पूर्ण झाली, तेव्हा तिच्यामागे उलटतपासणी झालेली पद्धत होती. त्या संपूर्ण काळात, औद्योगिक युग वगळता, आकडा ३०० च्या आसपासच थांबतो. आज तो ४२० च्या वर आहे. ही साक्ष मला ग्राह्य वाटते, कारण तिच्यावरचा सर्वांत कठीण प्रश्न विचारून झाला आहे.